डोळे उघडा, पाया पडतो

पैज लागली तेव्हा खुमेंद्र रहांगडालेच्या तोंडात अख्खा आलूबोंडा होता. तो गिळून मग बोलला असता, तर तेवढ्या वेळात अक्कल आली असती आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण सात वर्षं गावाला "घास बत्तीस वेळा चावा" म्हणून सांगणाऱ्या या योगशिक्षकानं घास गालात सरकवला आणि गरम गरमच बोलून टाकलं.

"उदेलालभाऊ, तुझी पार्टी दहा मिनिटं बी डोरे मिटून चूप बसू शकत नाही. मी लिहून देतो."

"लिहून कायले देतं गा? पाहून घे ना," उदेलाल म्हणाला. "योगा म्हंजे काय? बिनकामाच्या मानसानं डोरे मिटून बसनं. माझ्या दंडारीतला कोनी बी करन."

उदेलाल कटरे हा खुमेंद्रचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. पिपरटोल्याच्या दंडारीचा मालक तोच, मास्तर तोच आणि राजाही तोच. दिवाळी झाली की गोंदियाकडच्या त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकीजावई, पाहुणेरावळे येऊन गाव फुगतं, आणि भर दुपारी गावाच्या मधोमध दंडार, म्हणजे सोंगागाण्यांचं लोकनाट्य, उभी राहते. त्यात बायांची कामंसुद्धा पुरुषच करतात. उदेलाल वर्षभर धान पिकवायचा आणि मंडईच्या एका दिवसापुरता राजा व्हायचा, पण मिशी मात्र बाराही महिने राजाचीच ठेवायचा.

"अन् बसले तर?" उदेलालनं मिशीवरून बोट फिरवलं.

"बसले तर मी तुझ्या दंडारीत बाईचा पार्ट करतो. लुगडं नेसून. भर मंडईत."

दुधरामच्या हॉटेलात दोन बाकडी आणि एक कढई. दोन्ही बाकडी एकदम त्यांच्याकडे वळली. झारा हातात धरून दुधराम तसाच उभा राहिला.

"अन् नाही बसले," खुमेंद्र आता तापलाच होता, "तर तू मिशी काढायची. भर मंडईत."

उदेलालचं मिशीवरचं बोट थांबलं. पण समोर अर्धं गाव बसलेलं. "मंजूर," तो म्हणाला. "दहा लोक, दहा मिनिटं. हालला तो हारला."

"पंच बाहेरचा पाह्यजे," दुधरामनं निकाल दिला. "गावातला पंच ठेवला तर सालभर माझ्या हॉटेलात मारामाऱ्या होतीन."

खुमेंद्र शीळ घालत घरी गेला. बायकोला, दुर्गेश्वरीला, म्हणाला, "जितलो समज. तो बकाराम ढोलकीवाला झोपेत बी बोटं वाजवते. छोटेलालले पाच मिनिटात बिडी लागते. कोनाच्या बापाच्यानं बसतीन ते?"

दुर्गेश्वरी तांदूळ निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "तुमी आजवर काही जितले का जी?"

दुसऱ्या दिवशी खुमेंद्रला गोंदियाला जायचं होतं. योगशिक्षकाचं प्रमाणपत्र सात वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. त्यासाठी आठ दिवसांचा उजळणी वर्ग, आणि त्यानंतर आपल्याच गावात निरीक्षकांसमोर एक पाठ. पाठ जमला तर गावातला वर्ग चालू, नाही तर बंद. खुमेंद्रचा जीव त्या वर्गात अडकलेला होता. बारावीला दोनदा बसून, तीन ठिकाणी चिकटून आणि तीन ठिकाणांहून सुटून त्याला जे एकमेव काम टिकून जमलं होतं ते हे. समाजमंदिरात रोज पहाटे आठ माणसं यायची, त्यातली तीन झोपायची, पण आठही जण त्याला "सर" म्हणायची. त्याआधी गाव त्याला "उदेलालच्या बाजूचा" म्हणायचं.

उजळणी वर्ग घेणारे कैलाश गुरुजी सत्तरीचे, काटकीसारखे, जुन्या परंपरेतले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आप लोग यहाँ सीखने नहीं, भूलने आए हो." आणि खरोखरच दुपारपर्यंत खुमेंद्रच्या डोक्यातलं एकेक करून सगळं काढून घेतलं. तो पुढे वाकताना श्वास घ्यायला लावायचा. तो सोडायचा असतो. मागे वाकताना सोडायला लावायचा. तो घ्यायचा असतो.

"गुरुजी, सात साल से मैं उल्टा सिखा रहा हूँ," खुमेंद्रनं रडकुंडीला येऊन कबूल केलं.

"और लोग ज़िंदा हैं?"

"हाँ जी."

"तो ये उनकी साधना है, आपकी नहीं," गुरुजी शांतपणे म्हणाले.

चौथ्या दिवशी ध्यान आलं. खुमेंद्र ध्यान संपवायला शिट्टी मारायचा, पोलिसवाली. गुरुजींनी ते ऐकलं आणि थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग नियम लिहून दिला: साधकाला ध्यानातून फक्त शब्दानं बाहेर आणायचं. टाळी नाही, घंटा नाही, शिट्टी तर नाहीच नाही, आणि अंगाला हात लावायचा नाही. आवाजही असा, की झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखा.

आठव्या दिवशी पाठाचे नियम वाचून दाखवले. पाठासाठी दहा साधक हवेत. दहाही नवे हवेत, योगवर्गाला कधीच न आलेले. आणि शेवटी दहा मिनिटं निश्चल ध्यान.

गावात परतला तेव्हा पाठाला चार दिवस होते आणि धान कापायला आलं होतं. खुमेंद्र बांधाबांधानं फिरला.

"सर, धान उभा झडून राह्यला," पहिला म्हणाला. "डोरे मिटू का इळा धरू?"

"सर, दिवसभर आमी वाकूनच आहो," दुसरीकडे एक बाई म्हणाली. "अजून किती वाकवता?"

तिसऱ्यानं तर इळाच पुढे केला. "तुमी धरा सर, मी जाऊन बसतो तुमच्या जागी."

संध्याकाळी अंगणात बसून खुमेंद्रनं हिशोब मांडला. सकाळच्या वेळी मोकळी असलेली, योगवर्गाकडे जन्मात न फिरकलेली दहा माणसं गावात एकाच ठिकाणी होती. उदेलालच्या दंडारीत. मंडई तोंडावर आली म्हणून ती पार्टी आठवडाभर शेतावर जात नव्हती, नुसती तालीम करत होती. आणि योगवर्गाला तर ते लोक उदेलालच्या इमानापायीच कधी आले नव्हते.

ते दहा जण दहा मिनिटं बसले, तर पाठ पास आणि खुमेंद्र लुगड्यात. नाही बसले, तर उदेलालची मिशी साफ आणि खुमेंद्रचा वर्गही साफ.

"म्हंजे मले माझीच पैज हाराव लागते," तो हताशपणे म्हणाला.

"लुगडं कोनतं देऊ?" दुर्गेश्वरीनं विचारलं. "जांभळं का हिरवं?"

खुमेंद्रनं उदेलालच्या मिशीचा नाद सोडला आणि "सर" धरलं. उदेलालकडे जाऊन हात जोडले. उदेलालनं आधी डोळे बारीक केले. ज्याला पैज जिंकायची तोच माणूस 'नीट बसा, अजिबात हालू नका' म्हणून विनवण्या करतो, यात काहीतरी काळंबेरं असणारच.

"पाठ हाये माझा, भाऊ. शप्पथ. नागपूरवरून मॅडम येऊन राहिल्या."

"बाहेरच्या?"

"बाहेरच्याच."

"मंग पंच बी भेटला!" उदेलाल खूश झाला. "बसवतो बाप्पा. असे बसवतो, का माशी बसली तं माशी बी ध्यान करन."

शुक्रवारी सकाळी साडेआठला समाजमंदिरात निरीक्षक अंजना मॅडम हजर झाल्या. हातात वही, कपाळावर आठी, आणि परतीची बस दहाची. त्या एका खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चटयांवर बसलेली माणसं मोजली.

"नऊच आहेत. नियम दहाचा आहे."

दंडारीतल्या टिकेशला रात्री ताप भरला होता आणि हे खुमेंद्रला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं चारही बाजूंना नजर फिरवली. भिंतीला टेकून, मांडीवर ढोलकी घेऊन बकाराम बसलेला.

"बकाराम, चटईवर बस!"

"मी? सर, मी तं ढोलकी—"

"ढोलकी ठेव अन् बस म्हनलं ना!"

"अगा, एक मिनिट," उदेलाल चटईवरून अर्धा उठला. "बकारामले नको बसवू, तो तं—"

"आता मौन," अंजना मॅडम म्हणाल्या. "पाठ सुरू झाला. साधकांनी बोलायचं नाही."

उदेलाल तोंड उघडं ठेवून खाली बसला. बकारामनं ढोलकी भिंतीशी ठेवली आणि दहाव्या चटईवर मांडी घातली. खुमेंद्रनं सुटकेचा श्वास सोडला. चुकीच्या जागी सोडला, पण सोडला.

आसनं तर अशी झाली की खुमेंद्रला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ताडासनात दहाही जण असे उभे राहिले, की जणू त्यांच्या नावावर राज्य लिहून दिलंय. वृक्षासनात छोटेलाल, जो पार्टीत राणी व्हायचा, एका पायावर उभा राहून मॅडमकडे तिरकी नजर टाकत लाजला. तेवढं सोडलं तर एकही जण पडला नाही.

"भाव फार छान आहे," मॅडमनी वहीत लिहिलं. कपाळावरची आठी अर्धी गेली.

मग ध्यान. "पाठ सरळ... खांदे सैल... डोळे मिटा," खुमेंद्र पांघरूण घातल्यासारख्या आवाजात म्हणाला. वीस डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. खुमेंद्र छोटेलालच्या बिडीची वाट बघत होता. बिडी आली नाही. बकारामची बोटं गुडघ्यावर खिळ्यानं ठोकल्यासारखी. सातव्या मिनिटाला उदेलालच्या मिशीवर खरोखरच एक माशी बसली, फिरली, कंटाळली आणि उडून गेली. दहावं मिनिट संपलं तेव्हा मॅडम खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या.

"अद्भुत," त्या कुजबुजल्या. "नवे साधक आहेत हे? आणा आता बाहेर."

खुमेंद्रचे डोळे भरून आले. लुगडं तर लुगडं. वर्ग वाचला होता. "आता हळूहळू... श्वासाकडे लक्ष द्या... हळूहळू डोळे उघडा."

एकही डोळा उघडला नाही.

"हळूहळू... डोळे उघडा."

बाहेर कोणाचीतरी बकरी ओरडली. आत सगळं शांत.

"खोल गेलेत," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "घाई करू नका."

खुमेंद्रनं घाई केली नाही. पाच मिनिटं गेली. मग त्यानं दुसरे शब्द वापरून पाहिले, मग तिसरे. हात पुढे गेला आणि नियम आठवून मागे आला. शिट्टी खिशात होती. ती त्यानं बाहेरूनच चाचपली. तो चटयांमधून फिरत उदेलालपाशी आला, वाकला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "उदेलालभाऊ, झाले दहा मिनिटं. उघड डोरे."

उदेलालच्या मिशीचं एक टोक किंचित वर गेलं. डोळे बंदच. असल्या डावाला भुलणारा उदेलाल नव्हे.

"अगा तू जितला! मी हारलो! उघड ना."

मिशीचं दुसरं टोकही वर गेलं.

"डोळे उघडा भाऊ, पाया पडतो तुमच्या," खुमेंद्र म्हणाला, आणि रडवेल्या घाईत प्रमाण भाषेत शिरला. त्यानं खरोखरच उदेलालच्या पायाशी जमिनीला डोकं टेकलं.

"शिक्षक साधकाला नमस्कार करतात?" मॅडमनी विचारलं. "ही कुठली परंपरा?"

"आ... आमच्याकडची," खुमेंद्र म्हणाला.

साडेनऊ वाजले. मॅडमच्या कपाळावरची आठी परत आली आणि सोबत दुसरी घेऊन आली. पावणेदहाला त्या उठल्या, प्रत्येकाच्या नाकापाशी वाकून श्वास चालू आहे का ते पाहून आल्या. खुमेंद्र आता नुसता उभा होता. "डोळे उघडा, डोळे उघडा" असं तो अजून म्हणत होता, पण ते कोणाला म्हणतोय हे त्याचं त्यालाही समजत नव्हतं. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मॅडमनी पटापट चार ओळी लिहिल्या, कागद फाडला, त्याच्या हातात दिला आणि गेल्या.

बस वळणावर दिसेनाशी झाली आणि दुर्गेश्वरी चहाची किटली घेऊन दारात आली. तिनं दहा पुतळे पाहिले, अकरावा नवरा पाहिला.

"हे कधीचे बसले?"

"एक घंटा होऊन राह्यला. उठतच नाहीत."

तिनं किटली खाली ठेवली, भिंतीशी गेली आणि ढोलकीवर सणसणीत थाप मारली. दहाही जण एका क्षणात ताडकन उभे राहिले.

"झाले का दहा मिनिटं?" उदेलालनं विचारलं. त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, तरी तो राजासारखाच उभा होता. मग त्यानं रिकामी खुर्ची पाहिली. "पंच कुठी गेला?"

उलगडा व्हायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. दंडारीत देवाचा देखावा असतो; ढोलकीची थाप पडेपर्यंत देखाव्यातल्या कोणी पापणीसुद्धा हलवायची नाही, हा उदेलालचा कायदा. ध्यानाला त्यानं तोच लावला होता. "थाप पडायच्या आधी जो हालला, त्याले मंडईत पार्ट नाही," असा दम भरून. घड्याळ बघून बरोबर दहाव्या मिनिटाला थाप मारायची, हे काम बकारामचं.

"मले तं तुमीच बसवलं सर," बकाराम म्हणाला. "मी वाट पाहून राह्यलो, आता कोन वाजवते."

"मी सांगूनच राह्यलो होतो," उदेलाल म्हणाला. "मॅडम म्हने, मौन."

खुमेंद्र बायकोकडे वळला. "तुले कसं माहीत, ढोलकीचं?"

"तीन दिवसापासून भिंतीपलीकडे हेच चालू आहे. साऱ्या गल्लीले माहीत आहे."

"मंग मले काऊन नाही ऐकू आलं?"

"तुमी भ्रामरी करून राहिले होते ना जी. कानात बोटं घालून."

खुमेंद्रनं हातातला कागद उलगडला. मॅडमचं अक्षर मोत्यासारखं होतं. 'शिक्षक साधकांना ध्यानात नेऊ शकतात, परंतु बाहेर आणू शकत नाहीत. साधकांच्या सुरक्षिततेसाठी वर्ग तूर्त बंद ठेवावा. उजळणी वर्ग पुन्हा करावा.'

उदेलालनं तो कागद दोनदा वाचला. मोठा माणूस, पण त्याचा चेहरा लहान झाला. "मले वाटलं, तू डाव खेळून राह्यला," तो म्हणाला. "जाऊ दे गा. पैज सोडली मी. नाही कराव लागत पार्ट."

पण पैज आता उदेलालची राहिलीच नव्हती. दुधरामनं हॉटेलात येईल त्याला सांगितलं होतं, येणाऱ्यांनी सोयऱ्यांना फोन केले होते, आणि तिकडे गोंदियाजवळच्या गोरेगावपासून इकडे नागझिऱ्याच्या फाट्यापर्यंतचे पाहुणे "योगावाला बाई होते म्हने" म्हणून मंडईची तारीख विचारत होते. सोमवारी समाजमंदिराला कुलूप लागलं. मंगळवारी दुधरामनं खुमेंद्रला हाक मारली ती "ओ उदेलालच्या बाजूचे" अशी. उरलेलं सगळंच गेलं होतं, तेव्हा लुगड्याचं काय एवढं, म्हणून खुमेंद्रनं जांभळं मागून घेतलं.

उदेलालनं मात्र दया केली. त्याला बिनबोलीचा पार्ट दिला: राजाची आई. आत यायचं, छातीवर हात ठेवायचा, मरायचं आणि राजाचा शोक संपेपर्यंत पडून राहायचं. एरवी हा पार्ट छोटेलालच राणीचं लुगडं बदलून उरकायचा. मागच्या साली मेल्यावर त्यानं तीनदा मच्छर मारला होता आणि एकदा राजाला "जरा सरक" म्हणाला होता.

मंडईच्या दुपारी माणसं झाडांवर चढून बसली होती. जांभळ्या लुगड्यातली, दाढीचे खुंट आणि टिकली एकत्र असलेली राजमाता आत आली आणि पिपरटोल्यानं आजवर न ऐकलेला असा हशा पिकला. शिट्ट्या वाजल्या. कोणीतरी ओरडलं, "सासूबाई, प्राणायाम करा!" खुमेंद्रला वाटलं, आता धरणी फाटेल तर बरं. धरणी फाटत नव्हती, म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला आणि तिच्यावर आडवा झाला.

पाय थोडे फाकवले. तळवे आकाशाकडे. बोटं सैल. मग खांदे, जबडा, पापण्या, एकेक करून सगळं सोडून दिलं. श्वाससुद्धा, या वेळी बरोबर जागी.

हशा आधी पातळ झाला, मग थांबला. उदेलाल आईच्या उशाशी बसून शोक करत होता. तो म्हणायचं तेवढं म्हणाला, आणि आई इतकी मेलेली पाहून त्याला आणखी सुचत गेलं. एक माशी राजमातेच्या नाकावरून चालत गेली. नाक हललं नाही. ऊन सरकून चेहऱ्यावर आलं. पापणी हलली नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "अवो, हे खरंच गेलं का वो?"

उदेलालला घाम फुटला. त्यानं रडत रडत कान आईच्या तोंडाशी नेला. "खुमेंद्र, जिता आहेस ना बे?"

"हात नको लावू," राजमाता ओठ न हलवता म्हणाली.

दीड हजार माणसं श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती. सात वर्षं तो घरोघर हिंडला होता, एक आसन तरी नीट बघा म्हणून. आता सारा इलाखा बघत होता, आणि एकाला तरी ते आसन आहे हे माहीत होतं का? खुमेंद्रच्या मिटल्या डोळ्यातून एक थेंब निघाला आणि कानाकडे गेला. म्हातारी हुंदके देऊन रडू लागली.

थाप पडली. राजमाता उठली, लुगडं झटकून निघाली. आणि झाडावरून पहिली आरोळी आली.

"वन्स मोअर!"

मग दुसऱ्या झाडावरून, मग जमिनीवरून, मग बायांच्या बाजूनंही. उदेलालनं हात वर करून पाहिले, ढोलकी वाजवून पाहिली, लोक ऐकेनात. पंधरा वर्षांत त्याच्या राजाला कधी वन्स मोअर मिळाला नव्हता. तो खुमेंद्रपाशी आला, घसा खाकरला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "लोक म्हनतेत... अजून एक डाव मरजो, सर."

खुमेंद्रनं गर्दीकडे पाहिलं. मग पदर सावरला, छातीवर हात ठेवला आणि पुन्हा मेला.